‘व्हिलन’ आधी शेतकरी होता : जुन्या इंग्रजी शिव्यांची गोष्ट

हेडफोन लावलेत ना? लावाच, कारण आजचा विषय आहे शिव्या. घाबरू नका, आईबाबा शेजारी बसले असतील तरी चालेल. या शिव्या 600-700 वर्षं जुन्या आहेत आणि त्याही इंग्लंडातल्या.

‘मध्ययुगातल्या भन्नाट इंग्रजी शिव्या’ अशी रील्स तुमच्याही फीडवर आली असतील. त्यात ‘फॉपडूडल’ हा शब्द बऱ्याचदा असतो. अर्थ काय, तर बिनकामाचा मूर्ख. ऐकायला धमाल आहे, पण हा शब्द 17 व्या शतकातला. सॅम्युएल जॉन्सनने 1755 साली छापलेल्या डिक्शनरीत तो सापडतो. इंग्लंडचं मध्ययुग मात्र साधारण 1500 च्या आसपास संपलं. शेक्सपिअरचा जन्मसुद्धा त्यानंतरचा, 1564 चा. त्यामुळे या याद्यांमधला बराचसा माल मध्ययुगातला नसतोच.

खऱ्या मध्ययुगीन शिव्या वेगळ्याच आहेत, आणि त्यातली एक तुम्ही लहानपणापासून वापरताय. व्हिलन!

लॅटिनमध्ये ‘व्हिला’ म्हणजे शेतीवाडी, जमीनजुमला. त्या जमिनीवर राबणारा तो ‘व्हिलानस’. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंच भाषेतून हा शब्द इंग्लंडात रुजला. 1086 मध्ये राजाने अख्ख्या राज्याची जमीनमोजणी करून घेतली, तिचं नाव डूम्सडे बुक. त्यात नोंदलेल्या माणसांपैकी सुमारे 40 टक्के लोक या ‘व्हिलानस’ गटातले आहेत. म्हणजे त्या देशातला सगळ्यात सामान्य माणूस हाच.

आणि त्याचं जगणं कसं? पुढच्या 100-150 वर्षांत त्याच्यावरची बंधनं घट्ट होत गेली. आठवड्यातले दोन-तीन दिवस मालकाच्या शेतात फुकट राबायचं, आपल्याकडे ज्याला वेठ म्हणतात ते. मुलीचं लग्न करायचं तर मालकाला पैसे द्यायचे. घरातला कर्ता मेला की गोठ्यातलं सगळ्यात चांगलं जनावर मालक घेऊन जाणार. परवानगीशिवाय गाव सोडायचं नाही. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘भूदास’ म्हणतात.

आता गंमत बघा. या माणसाने काय गुन्हा केला होता? काहीच नाही. पण वरच्या लोकांच्या बोलण्यात ‘व्हिलन’ म्हणजे आधी ‘खेडवळ’ झाला, मग ‘हलक्या मनाचा’, मग ‘नीच’ आणि शेवटी ‘बदमाश’. स्वतंत्र असलेल्या माणसाला कोणी ‘तू भूदास आहेस’ म्हटलं, तर तो चिडून गावच्या कोर्टात दाद मागायचा. त्यात नुसता अपमान नव्हता. तो शिक्का बसला की जमीन, लग्न, गाव सोडायची मोकळीक, सगळंच धोक्यात. शिवी म्हणजे फक्त शब्द असतो असं आपण म्हणतो ना? तिथे शिवीची किंमत तुमचं स्वातंत्र्य होती.

जून 1381 मध्ये हे लोक पेटून उठले. निमित्त होतं डोईपट्टीचं. वॉट टायलरच्या नेतृत्वाखाली शेतकरी थेट लंडनमध्ये घुसले. मुख्य मागणी होती, आम्हाला मोकळं करा. राजा दुसरा रिचर्ड तेव्हा 14 वर्षांचा होता. त्याने मोकळीक लिहून दिली, आणि दुसऱ्याच दिवशी स्मिथफील्डला टायलर मारला गेला. नंतर राजाने दिलेलं वचन रद्द केलं. पुढे शे-दोनशे वर्षांत ती पद्धत हळूहळू मोडली. पद्धत गेली, शिवी राहिली.

असा हा एकच शब्द असता तर योगायोग म्हटलं असतं. पण रांगच लागलीय.

‘चर्ल’ घ्या. नॉर्मन लोक यायच्या आधी चर्ल म्हणजे साधा स्वतंत्र माणूस. वेसेक्सच्या कायद्यात त्याच्या जिवाची किंमत ठरलेली होती, 200 शिलिंग. सरदाराची 1200. नंतर चर्ल म्हणजे उद्धट, अडाणी माणूस झाला.

‘नेव्ह’ म्हणजे मूळचा मुलगा. नुसता मुलगा! जर्मनमध्ये ‘क्नाबे’ अजून त्याच अर्थाने आहे. मग घरकाम करणारा पोरगा, मग नोकर, मग लबाड. पत्त्यांतल्या ज्या पानाला आता ‘जॅक’ म्हणतात, त्याचं जुनं इंग्रजी नाव ‘नेव्ह’. डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’मध्ये गरीब पिप त्याला ‘जॅक’ म्हणतो म्हणून श्रीमंत घरातली एस्टेला त्याची टर उडवते. आणि आपण मराठीत त्या पानाला काय म्हणतो? गुलाम!

‘ल्यूड’ म्हणजे आज अश्लील. मध्ययुगात त्याचा अर्थ होता, जो चर्चचा पाद्री नाही तो. म्हणजे लॅटिन न शिकलेला. तिथून अडाणी, तिथून हलका, तिथून वासनांध. शिकला नाही म्हणजे चारित्र्यच वाईट, असा सरळ हिशेब.

बायकांचं काय झालं तेही ऐका. ‘हार्लट’ हा शब्द 13 व्या शतकात पुरुषांसाठी होता, भटक्या, उडाणटप्पू पुरुषासाठी. 15 व्या शतकात तो बायकांवर चिकटला आणि अर्थ झाला वेश्या. ‘श्रू’ म्हणजे दुष्ट माणूस, तोही आधी पुरुषच. नंतर झाली ‘कजाग बाई’. आणि जास्त बोलणाऱ्या, भांडणाऱ्या बाईला ‘स्कोल्ड’ म्हणून कोर्टात दंड व्हायचा, कधी खास खुर्चीत बसवून चारचौघांत तिची नाचक्की करायचे.

आता यात सूत्र दिसतंय का? गरीब, नोकर, न शिकलेला, बाई. ज्याच्या हातात लेखणी नव्हती त्याचं नाव शिवी झालं. ‘मालक’ या शब्दाची शिवी झाली नाही. सरदार असणं ज्या ‘नोबल’ शब्दाने सांगायचे, तो शब्द ‘उदात्त’ होऊन बसला!

म्हणून मला आपल्या सिनेमाची एक गोष्ट फार आवडते. मराठी पडद्यावरचा व्हिलन म्हटलं की निळू फुले आठवतात. गावचा पाटील, सरपंच, ‘सामना’मधला साखरसम्राट हिंदुराव. म्हणजे इंग्रजीत जो शब्द राबणाऱ्याला चिकटवला होता, तो आपण राबवून घेणाऱ्याला लावला. शब्दाला योग्य पत्ता मिळाला.

पण लगेच कॉलर ताठ करू नका हं. आपल्या रोजच्या बोलण्यातला ‘गावठी’ आणि ‘गावंढळ’ हा शब्द बघा. गावापासून शिवी, अगदी ‘व्हिलन’सारखीच. कोणी ‘पानी’, ‘आनि’ म्हटलं की हॉस्टेलवर, ऑफिसात खसखस पिकते. बाजारात गावठी अंडं महाग असतं, गावठी कोंबडीला मान असतो. गावठी माणूस म्हटलं की मात्र हसू.

व्हिलन हा शब्द बिघडायला काही शतकं लागली. रोज कोणीतरी हसत हसत तो वापरला, तेव्हा तो बिघडला. आपण आज कोणता शब्द असाच बिघडवतोय, एवढं बोलताना एकदा बघा.

तुमच्या भागात माणसाच्या कामावरून, गावावरून किंवा बोलीवरून आलेली शिवी आहे का? मला लिहून पाठवा. चांगली चार-पाच उदाहरणं आली तर पुढचा एपिसोड त्यावरच करू. तोपर्यंत काळजी घ्या, आणि शिवी द्यायचीच असेल तर बिनधास्त ‘फॉपडूडल’ म्हणा. त्यात कुणाचं गाव, कुणाची गरिबी येत नाही. भेटूच!