आधी रिकामी भट्टी

टेक्सासला मुलाकडे गेलो, तेव्हा परसात मांस धुरावर शिजवायची नवी लोखंडी भट्टी आली होती. तिथे तिला 'स्मोकर' म्हणतात. संध्याकाळी पाहुणे यायचे होते. मुलगा लगेच कोंबडी लावायला निघाला. शेजारच्या गृहस्थांनी थांबवलं. म्हणाले, "आधी रिकामी तापवा. कारखान्यातलं तेल आत असतं, ते अन्नात उतरेल."

आम्ही ती धुऊन पुसली, आतून खाण्याच्या तेलाचा पातळ हात दिला आणि सुमारे १३० अंश सेल्सिअसवर तीन तास लाकूड जाळलं. माझी आई नवा बिडाचा तवा असाच तयार करायची. धूर कुठून निसटतो, तेही कळलं. भट्टी निवल्यावर त्या फटींना उष्णता सोसणारी पट्टी चिकटवली. जाळीपाशी दुसरा तापमापक ठेवला होता. पाहतो तर झाकणावरचा वीस अंश जास्त दाखवत होता! त्याच्या भरवशावर कोंबडी कच्ची राहिली असती. ती आतपर्यंत ७४ अंशांना पोचावी लागते.

त्या रात्री पाहुण्यांना वरणभात वाढला. मुलगा जरा हिरमुसला. पण पहिला घास माझ्या चार वर्षांच्या नातवाचा होता, मंडळी. एक दिवस थांबलो, हेच बरं केलं.