व्याजावर कापलेला कर परत कसा मिळवावा



आज आम्ही बँकेतल्या व्याजाविषयी बोलणार आहोत. विषय रुक्ष वाटेल. पण म्हातारपणी ज्यांचे घर थोड्याशा पेन्शनवर आणि ठेवीच्या व्याजावर चालते, त्यांच्या चुलीशी तो जोडलेला आहे. नीट ऐका.

आमच्या आळीत एक वहिनी राहतात. त्यांचे मालक एस.टी.त चालक होते. ते वारले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे मिळून सोळा लाख रुपये आले. वहिनींनी ते बँकेत मुदत ठेवीत ठेवले. व्याज ठरले सात टक्के. म्हणजे वर्षाचे १,१२,००० रुपये, आणि दर तीन महिन्यांचे २८,०००. याशिवाय पेन्शन महिना २,५००. एवढ्यावर त्या आणि त्यांची नात, दोघींचे चालते.

वहिनींनी साठी ओलांडल्यावर रात्रीच्या वर्गात अक्षरे गिरवली. वाचता येऊ लागले तसे त्या पासबुकही वाचू लागल्या. जानेवारी २०२४ मध्ये त्या पासबुक घेऊन आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, बघा बरं. अठ्ठावीस हजार यायचे, तर पंचवीस हजार दोनशेच आलेत. माझ्या पैशाला कात्री कुणी लावली?"

पासबुकात २,८०० रुपयांपुढे 'टीडीएस' असे लिहिले होते. हा कोणी चोर नव्हे. टीडीएस म्हणजे पैसे हाती पडण्याआधीच कापलेला कर. खळ्यावर धान्याची रास घरी नेण्याआधी वाटा काढून ठेवावा, तसाच हा प्रकार. व्याज ठरावीक रकमेच्या पुढे गेले की बँकेने शेकडा दहा कापून सरकारात भरावे, असा कायदा आहे. साठ वर्षांवरील माणसाला ही मर्यादा तेव्हा वर्षाला पन्नास हजार होती. १ एप्रिल २०२५ पासून ती एक लाख झाली. बँकेत पॅन नंबर दिलेला नसेल, तर दहाऐवजी वीस टक्के कापतात. बचत खात्याच्या व्याजावर मात्र हा कर कापत नाहीत.

आता खरी गोम पाहा. बँकेला तुमचे सगळे उत्पन्न ठाऊक नसते. तिला फक्त तिच्याकडचे व्याज दिसते. वहिनींचे वर्षाचे उत्पन्न किती? व्याज १,१२,००० आणि पेन्शन ३०,०००. एकूण १,४२,०००. त्या वर्षी तीन लाखांपर्यंत कर नव्हता. म्हणजे वहिनींना एक पैसाही कर लागत नव्हता, आणि वर्षाचे ११,२०० रुपये मात्र कापले जात होते. साडेचार महिन्यांची पेन्शनच म्हणा ना! पुढे २०२५-२६ सालापासून नव्या पद्धतीत ही चार लाखांची पायरी झाली, आणि पगार, पेन्शन, व्याज असे साधे उत्पन्न बारा लाखांपर्यंत असले तरी सूट मिळून कर शून्य होतो.

वहिनी बँकेत गेल्या. तिथला माणूस म्हणाला, "कापलेला पैसा सरकारात गेला. तो आम्हांला परत देता येत नाही." हे त्याचे म्हणणे बरोबरच होते. एकदा भरलेला कर बँक नव्हे, आयकर खाते परत करते. आणि ते आपण मागितल्याशिवाय करीत नाही. मागायची रीत म्हणजे आयकराचे विवरणपत्र भरणे. लोक त्याला रिटर्न म्हणतात. पुष्कळांना वाटते, रिटर्न श्रीमंतांनी भरायचे. हा समज काढून टाका. ज्याचा कर जास्त कापला गेला, त्याने तर ते आधी भरावे.

आम्ही वहिनींबरोबर बसलो. पॅन कार्ड, आधार, पासबुक आणि बँकेने दिलेला कर-कपातीचा दाखला एवढेच कागद लागले. या दाखल्याला फॉर्म सोळा-अ म्हणत. मग सरकारच्या संकेतस्थळावर वहिनींच्या पॅनच्या खाली ११,२०० रुपये जमा दिसतात का, ते पाहिले. हे आधी पाहावेच. बँकेत पॅनचा एक आकडा चुकला तरी पैसे दुसऱ्याच्या नावावर दिसतात, आणि मग बँकेकडून दुरुस्ती करून घ्यावी लागते.

साध्या उत्पन्नाच्या माणसासाठी जो फॉर्म आहे, त्याचे नाव 'सहज'. भरायला तो नावाइतका सहज नाही, हे आमचे मत. पण शिकलेला मुलगा किंवा मुलगी तासाभरात भरते. सरकारच्या संकेतस्थळावर त्याला फी पडत नाही. बाहेर कोणाकडून भरून घेतलात तर मजुरी आधी ठरवा. मिळालेल्या पैशात वाटा मागणाऱ्याच्या वाटेला जाऊ नका. "जास्त परत काढून देतो" म्हणून खोटी वजावट लिहिणारे भेटतात. सही तुमची असते, आणि जबाबही तुम्हांलाच द्यावा लागतो.

फॉर्म भरला की काम संपले नाही. आधारला जोडलेल्या मोबाइलवर एक आकडा येतो, तो घालून विवरणपत्र पक्के करायचे. त्याला तीस दिवसांची मुदत असते. ते राहिले तर भरलेले फुकट. पॅन आणि आधार जोडलेले हवेत, आणि ज्या खात्यात पैसे यायचे ते खातेही पॅनला जोडलेले हवे.

वहिनींनी जुलै २०२४ मध्ये विवरणपत्र भरले. ऑगस्टमध्ये खात्यात ११,४८० रुपये आले. वरचे २८० कसले? सरकारही उशिराचे व्याज देते, महिना अर्धा टक्का. एप्रिल ते ऑगस्ट पाच महिने, दरमहा छप्पन्न रुपये. त्यांनी स्वतः बोट ठेवून तो आकडा वाचला. नातीच्या शाळेची फी त्यातून गेली.

पण दरवर्षी आधी कापू द्यायचे आणि मग मागत बसायचे कशाला? त्यालाही उपाय आहे. "माझ्या उत्पन्नावर कर बसत नाही, तरी व्याजातून कापू नका," असे लिहून देण्याचा फॉर्म बँकेत मिळतो. साठीच्या पुढच्यांसाठी त्याचा नंबर पंधरा-एच असा होता. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला, त्यामुळे फॉर्मांच्या नंबरांवर विसंबू नका. काम सांगून फॉर्म मागा. तो एप्रिलच्या सुरुवातीलाच द्यावा, दरवर्षी नवा द्यावा, आणि ठेवी दोन बँकांत असतील तर दोन्हीकडे द्यावा. पोचपावती घ्या. ज्याला खरोखर कर लागतो, त्याने मात्र हा फॉर्म देऊ नये. खोटे लिहून देणे गुन्हा आहे.

ज्यांच्या ठेवीचे व्याज मुदतीच्या शेवटी एकदम मिळते, त्यांनीही जपावे. हाती काही आलेले नसले, तरी दरसालच्या व्याजावर कर कापला जातो. म्हणून दर मार्चनंतर पासबुक भरून आणा आणि टीडीएस शोधा.

मोबाइलवर "तुमचा कर परत आला आहे, इथे दाबा" असा निरोप आला तर दाबू नका. आयकर खाते फोन करून आकडा विचारीत नाही.

विवरणपत्राची मुदत साधारण ३१ जुलैची असते. ती हुकली तर ३१ डिसेंबरपर्यंत उशिराचे भरता येते. पैसे तेव्हाही मिळतात, फक्त वरचे व्याज एप्रिलपासून न धरता भरल्या दिवसापासून धरतात.