सभा भरते, संवाद कधी घडणार?

(एका नगर वाचनालयाच्या व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचा आरंभ मी एका रस्त्यापासून करतो. आमच्या वसाहतीतील रस्ता अनेक वर्षांच्या अर्ज-विनंत्यांनंतर डांबरी झाला आणि तिसऱ्याच महिन्यात जलवाहिनी टाकण्यासाठी उखडला गेला. चौकशीअंती कळले, की जलवाहिनीचे काम आधीच मंजूर होते. एकाच इमारतीतील दोन विभागांनी परस्परांना विचारले नव्हते आणि आम्हा रहिवाशांना तर कोणीच विचारले नव्हते. विचारले असते, तर आमच्या गल्लीतील कोणत्याही गृहिणीने सांगितले असते, "आधी नळ, मग रस्ता." पैसा वाया गेला, तो भरून निघेल. परंतु त्यानंतर बोलावलेल्या बैठकीला आमच्या गल्लीतून एकही माणूस गेला नाही. "जाऊन काय उपयोग?" या तीन शब्दांनी आपल्या लोकशाहीची जेवढी हानी केली आहे, तेवढी भ्रष्टाचारानेही क्वचितच केली असेल.

ग्रामपंचायत आणि नगरपालिका यांना आपण 'स्थानिक स्वराज्य संस्था' म्हणतो. या नावात स्वराज्य आहे. 1992 च्या 73 व्या आणि 74 व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक स्थान दिले. गावात ग्रामसभा आली. तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरांसाठी प्रभाग समित्या आल्या. 2009 मध्ये महाराष्ट्राने महापालिकांच्या कायद्यात क्षेत्र सभेचीही तरतूद केली. प्रत्यक्षात काय घडले? मोठ्या शहरात एकेका प्रभाग समितीच्या कक्षेत लाखो लोक येतात, आणि क्षेत्र सभा बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. 2022 मध्ये मुंबई, पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकांचा कारभार चालला. या काळात नगरसेवक नाहीत, याची खंत किती घरांत व्यक्त झाली? ज्या संस्थेशी आपला संवादच नव्हता, तिची अनुपस्थिती जाणवणार तरी कशी?

उत्तरदायित्वाची ही कल्पना आपल्याला परकी नाही. तमिळनाडूतील उत्तरमेरूर येथे दहाव्या शतकातील चोळकालीन शिलालेख आहेत. गावाचे तीस विभाग, प्रत्येक विभागातून चिठ्ठ्या टाकून होणारी निवड आणि पात्रतेचे काटेकोर नियम त्यांत कोरलेले आहेत. ज्याने पूर्वी समितीवर काम करून हिशेब दिला नाही, तो स्वतः अपात्र आणि त्याचे नातेवाईकही अपात्र! त्या व्यवस्थेत प्रवेश सर्वांना नव्हता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आजच्या ग्रामसभेत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला स्थान आहे, ही घटनेची देणगी त्याहून मोठी आहे. मात्र हिशेबाची ती कडक शिस्त आपण गमावली.

आपल्या महाराष्ट्रातही आदर्श आहेत. महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतासाठी पैसा खर्च करण्याचा विषय निघाला, तेव्हा तो पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा, अशी भूमिका त्यांनी घेतली. सभागृहात बसलेल्या माणसाच्या कानांत बाहेरच्या माणसाचा आवाज असला पाहिजे, याचा हा वस्तुपाठ आहे.

अलीकडचे उदाहरण हिवरे बाजारचे. अहिल्यानगर जिल्ह्यातील हे अवर्षणग्रस्त गाव पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली उभे राहिले, हे आपण जाणतोच. बंधारे आणि वृक्षारोपण यांची चर्चा पुष्कळ होते, पण मला तेथील पाण्याचा ताळेबंद अधिक महत्त्वाचा वाटतो. किती पाऊस पडला, किती पाणी उपलब्ध आहे, हे ग्रामसभेत सर्वांसमोर मांडले जाते आणि त्यावरून पुढची पिके ठरतात. शेतीसाठी कूपनलिका घ्यायची नाही, उसासारखे पाणीखाऊ पीक टाळायचे, हे निर्बंध वरून लादले असते, तर ते टिकले नसते. आकडे स्वतः पाहिलेल्या माणसाने ते स्वीकारले, म्हणून टिकले.

यातून मला तीन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली, विचारणा निर्णयाच्या आधी व्हावी. निविदा निघाल्यानंतर बोलावलेली बैठक हा केवळ उपचार असतो. पुणे महापालिकेने 2006 पासून अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवून घेण्याची प्रथा सुरू केली. लहान नगरपालिकांनाही ती सहज अंगीकारता येईल.

दुसरी, प्रत्येक सूचनेला मुदतीत उत्तर मिळावे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने दाखल्यांसाठी मुदत बांधून दिली. सूचनांसाठीही अशी मुदत का नसावी? "हे होणार नाही, कारण असे आहे," हेही उत्तरच आहे. नकाराने माणूस नाराज होतो, पण मौनाने तो दुरावतो.

तिसरी, सभेची वेळ लोकांच्या सोयीची असावी. कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता सभा ठेवून "लोक येत नाहीत" अशी तक्रार करणे योग्य नव्हे. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद कायद्यात आहे. ती सह्यांपुरती उरू नये.

आता थोडे आपल्याविषयी. आपण सुशिक्षित मध्यमवर्गीय दिवाणखान्यात बसून नगरसेवकाला नावे ठेवतो, पण आपल्या प्रभागाचे अंदाजपत्रक आपल्यापैकी कितीजणांनी वाचले आहे? कार्यकर्त्यांनी एक व्रत घ्यावे. वर्षातून किमान दोन सभांना स्वतः जावे, जाताना शेजारच्या दोन घरांना सोबत न्यावे, आणि मागील सभेतील ठरावांचे काय झाले, हा एकच प्रश्न शांतपणे विचारावा. तो कोणत्या पक्षाच्या नगराध्यक्षाला विचारला जातो आहे, हे पाहू नये. आपल्या विचाराचा माणूस खुर्चीवर असेल, तर तो अधिक आग्रहाने विचारावा.

आमच्या गल्लीतील तो रस्ता पुन्हा झाला. त्या वेळी दोन निवृत्त शिक्षक आणि चार गृहिणी कार्यालयात गेल्या, नकाशा मागितला आणि गटाराचे काम आधी करून घेतले. तो रस्ता अजून उखडलेला नाही. स्वराज्य असेच, एका गल्लीपासून सुरू होते.