सांडवा बुजवू नका

(नागपूर जिल्हा बैठकीतील भाषण)



३० जुलै १९९१ ला आपल्या नरखेड तालुक्यातल्या मोवाडात वर्धेचं पाणी शिरलं. २०४ माणसं गेली. असा पूर आठवला की नाल्यावर मातीचं धरण मागितलं जातं. मागणी रास्त आहे. पण धरणाचा स्वभाव ओळखा.

आपली काळी माती पाणी धरते, पण उन्हात भेगाळते. म्हणून ती पाळीच्या पोटात आणि वरून मुरूम. अशी पाळ पाण्याचा दाब सोसते; माथ्यावरून वाहणारं पाणी सोसत नाही. जादा पाणी सांडव्यातूनच गेलं पाहिजे. रब्बीसाठी सांडव्यावर रेतीची पोती रचाल, तर पुरासाठी राखलेली जागाच खाल.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. मंत्र्यांनी खेकड्यांवर बोट ठेवलं. खेकडे बिळं करतात, मान्य. ती बुजवायची कोणी?

मृगाआधी पाळीवरून चालत जा. झाडं, बिळं, खालच्या अंगाला ओल दिसली की लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डागडुजीचा पैसा ही भीक नाही. धरणाखाली आपली घरं आहेत.