अंगठा उठवण्याआधी

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात सायंकाळच्या हरिपाठानंतर झालेल्या भाषणाचा मजकूर. वक्त्या दिंडीच्या औषधपेटीची सेवा करतात.)

मी कीर्तनकार नाही. गोळ्या देणं, पायाच्या फोडांना पट्टी बांधणं, ही माझी सेवा. ती करताना एक वाक्य फार ऐकू येतं. "बाई, आम्ही अडाणी माणसं. डॉक्टर म्हणतील तसं."

आता मघाशी हरिपाठ झाला. आपल्या दिंडीत अशी कितीतरी म्हातारी माणसं आहेत, ज्यांनी पाटी-पेन्सिल कधी हातात धरली नाही, पण अख्खा हरिपाठ तोंडपाठ. मधे कुणाचा शब्द चुकला तर तीच पहिली मान वर करतात. शंभर वर्षं ही दिंडी कानावर आणि ध्यानावर चालली. मग दवाखान्याच्या पायरीवर हीच माणसं अडाणी कशी होतात? वाचता न येणं वेगळं आणि कळत नसणं वेगळं. कागद वाचता येत नाही, एवढंच. तो कुणीतरी वाचून, समजावून सांगितला पाहिजे, आणि ते मागायचा तुमचा हक्क आहे.

ऑपरेशनच्या आधी कागद पुढे येतो, शाईची डबी येते. त्याला संमतीपत्र म्हणतात. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर मोठा निकाल दिला. दिल्लीतल्या एका बाईला दुर्बीण घालून फक्त तपासायचं म्हणून भूल दिली. ती भुलीत असताना बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेतली आणि तिची गर्भपिशवी काढून टाकली. न्यायालयाने सांगितलं, की तपासणीची संमती ही पिशवी काढायची संमती होत नाही. बाई सज्ञान होती, जिवावरचा प्रसंग नव्हता, ती शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. आईचा होकार चालत नाही. काय करणार, कशासाठी, फायदा काय, धोका काय, दुसरा उपाय कोणता, हे आधी रुग्णाला सांगायलाच पाहिजे.

हे लांबच्या दिल्लीचं झालं. आपल्याकडे बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या किती बायांच्या पिशव्या काढल्या गेल्या, हे सगळ्यांनी ऐकलंय. २०१९ साली राज्य सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. अंगावरून पांढरं जातं, पोट दुखतं म्हणून बाई गेली आणि "पिशवी ठेवली तर कॅन्सर होईल" असं ऐकून घाबरून अंगठा देऊन आली, असं कितीजणींनी सांगितलं. पांढरं जाण्यावर पुष्कळदा औषधाने गुण येतो. आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढलं तर ऐन तिशीत पाळी जाते, हाडं लवकर ठिसूळ होतात. हे आधी सांगितलं असतं, तर किती अंगठे उठले असते?

म्हणून माऊली, हाताला पाच बोटं आहेत, तसे पाच प्रश्न पाठ करा.

करंगळी: मला काय झालंय?
दुसरं बोट: तुम्ही काय करणार?
मधलं: त्याने फायदा काय, आणि धोका काय?
चौथं: दुसरा उपाय आहे का?
आणि अंगठा: आत्ता नाही केलं, थोडं थांबलं, तर काय होईल?

चार बोटांचं उत्तर मिळाल्यावर मग अंगठ्याचं. आणि पाचही झाल्यावर शाईची डबी.

उत्तर मिळालं की पुढची पायरी. कीर्तनात महाराज म्हणतात आणि टाळकरी तेच मागून उचलतात. तसंच करायचं. "डॉक्टरसाहेब, मला जे कळलं ते सांगते, चुकलं तर सांगा." आणि आपल्या बोलीत परत सांगायचं. चांगल्या डॉक्टरला याचा राग येत नाही, उलट त्याचं काम सोपं होतं. "धोका थोडा आहे" असं म्हणाले तर विचारा, "शंभर माणसांत कितीजणांना त्रास होतो?" बाजारात हिशोब करणाऱ्या माणसाला शंभरातले पाच म्हणजे किती, हे शिकवावं लागत नाही.

आता लिहिता-वाचता येणाऱ्या लेकरांना दोन शब्द. डॉक्टर तुम्हाला बाहेर बोलावतात, तुम्ही दाराआड ठरवता आणि आत येऊन आईला सांगता, "उद्या ऑपरेशन आहे." असं करू नका. गुडघा बदलायचा असेल तर तुमचा प्रश्न असतो खर्चाचा आणि सुट्टीचा. बाबांचा प्रश्न असतो, "मला वारी चालता येईल का?" तो प्रश्नही डॉक्टरपुढे गेला पाहिजे, कारण गुडघा त्यांचा आहे. तुम्ही कागद वाचा, जसा आहे तसा वाचा. ठरवू द्या त्यांना.

एक गोष्ट मात्र नीट ऐका. साप चावला, छातीत कळ आली, तोंड वाकडं झालं, हात-पाय लुळा पडला, अपघात झाला, तर प्रश्न विचारत बसू नका. १०८ ला फोन करा, आधी दवाखाना गाठा. जीव वाचवायच्या वेळी संमतीवाचून उपचार करायची डॉक्टरला मुभा आहे. पाच प्रश्न हे विचार करायला सवड असते तेव्हाचे.

आणि वारीपुरतं सांगते. बीपी-शुगरच्या गोळ्या वाटेत परस्पर बंद करू नका. पाकिटावर सकाळच्या गोळीला सूर्य, रात्रीच्या गोळीला चंद्र काढून घ्या. एकादशीचा उपवास करणार असाल तर शुगरच्या डॉक्टरला आधी सांगा. काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी घेतलं तर साखर एकदम उतरते, माणूस चक्कर येऊन पडतो.

महाराष्ट्रात २०२१ पासूनच्या नियमांप्रमाणे खाजगी दवाखान्यात रुग्ण हक्कांची सनद भिंतीवर लावायला हवी. पण भिंतीवरची अक्षरं ज्याला वाचता येत नाहीत, त्याला ती सनद काय कामाची? म्हणून शताब्दीच्या निमित्ताने विणेकरी महाराजांपुढे एक मागणं ठेवते. दिंडीत पाणी वाटणारा सेवेकरी आहे, तंबू ठोकणारा आहे. तसा प्रत्येक गावातून एक कागद वाचणारा सेवेकरी द्या. कुणाला ऑपरेशन सांगितलं तर त्याने सोबत जावं, शब्द न् शब्द वाचून दाखवावा, पाच प्रश्नांची आठवण करून द्यावी, आणि दवाखान्यात ऐकलेलं गावात कुणाला सांगू नये. मत मात्र देऊ नये.

वारीत आपण एकमेकांच्या पाया पडतो, लहान-मोठं बघत नाही. तीच माऊली दवाखान्यात गेल्यावर तिच्याशीही त्याच आदराने बोललं जावं, तिला विचारलं जावं, एवढंच माझं मागणं.

रामकृष्ण हरी.