वैमानिकाचे शिक्षण आणि नागरिकत्वाचा प्रश्न

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



 आपल्या न्यासाने आजवर कितीतरी मुलांच्या फीची आणि पुस्तकांची सोय केली. आता मदत मागायला येणाऱ्यांत एखादा मुलगा किंवा मुलगी म्हणते, “मला वैमानिक व्हायचे आहे.” त्यातही काहींची गोष्ट अधिक गुंतागुंतीची असते. जन्म परदेशातला, पासपोर्ट परदेशाचा, आजी-आजोबा मात्र उज्जैनचे. अशा मुलाने कोणती वाट धरावी, हा माझा आजचा विषय आहे.

या प्रश्नाचे सर्वांत ठळक उदाहरण मुंबईचे आहे. जे. आर. डी. टाटा यांचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील पारशी, आई फ्रेंच. फ्रान्सच्या समुद्रकाठी त्यांचे घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे ब्लेरिओ यांचेही घर तेथे जवळच होते. विमानाचे वेड त्या मुलाला तेथेच लागले. ते फ्रेंच नागरिक होते. म्हणून फ्रान्सच्या सैन्यात एक वर्ष सक्तीची नोकरीही त्यांना करावी लागली. पुढे १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत त्यांना वैमानिकाचा परवाना मिळाला. भारतात दिलेला तो पहिला परवाना. त्याच वर्षी त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले.

१९३० साली हिंदुस्थान आणि इंग्लंड यांमधील एकट्याच्या उड्डाणासाठी आगाखान यांनी लावलेले बक्षीस हिंदी वैमानिकासाठी होते. त्या स्पर्धेत टाटा उतरले. बक्षीस जिंकले अस्पी इंजिनियर या कोवळ्या तरुणाने. वाटेत इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली, तेव्हा टाटांनीच त्याला स्पार्क प्लग दिले होते. हेच अस्पी १९६० साली भारताचे वायुसेनाप्रमुख झाले. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईस जुहूला विमान उतरवले आणि एअर इंडियाचा पाया घातला.

फ्रान्सशी त्यांचे नाते मात्र तुटले नाही. १९८३ साली फ्रान्सने त्यांचा मोठा सन्मान केला, १९९२ साली भारताने त्यांना भारतरत्न दिले, आणि १९९३ साली निधन झाल्यावर त्यांना पॅरिसच्या मातीतच दफन केले. नागरिकत्व एकच असू शकते, नाती अनेक असू शकतात, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट दिसते.

टाटांच्या काळचा कायदा निराळा होता. स्वतंत्र भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व मानीत नाही. संविधानाचा नववा अनुच्छेद आणि १९५५ च्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम यांचा अर्थ असा की, स्वेच्छेने दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले की भारताचे आपोआप संपते. २००५ च्या दुरुस्तीनंतर परदेशी नागरिक झालेल्या आपल्या लोकांना ओसीआय कार्ड मिळू लागले. त्याला घरोघर ‘दुहेरी नागरिकत्व’ म्हणतात. पण तसे ते नाही. तो आजन्म चालणारा व्हिसा आहे आणि त्याबरोबर अनिवासी भारतीयांसारख्या काही सवलती आहेत. मताचा हक्क त्यात नाही, सरकारी नोकरीत समान संधीचा हक्कही नाही.

आता या गोष्टीचा वैमानिकाच्या शिक्षणाशी संबंध पाहू.

वायुसेनेचे दार ओसीआय कार्डावर उघडत नाही. तेथे भारताचे नागरिकत्व लागते. नागरी विमानवाहतुकीत चित्र निराळे आहे. परवाना हा राष्ट्रीयत्वाचा दाखला नव्हे. १९४४ च्या शिकागो करारापासून प्रत्येक देश आपले परवाने देतो आणि दुसऱ्याचे ठरलेल्या रीतीने मान्य करतो. परदेशी नागरिकाला भारतात विमान शिकता येते. मात्र सुरक्षेची सरकारी मंजुरी हा वेगळा टप्पा त्याला ओलांडावा लागतो. शिवाय शिक्षण मिळाले म्हणजे नोकरी मिळाली असे नव्हे. कोणत्या कंपनीच्या जाहिरातीत केवळ भारतीय पासपोर्ट मागितला आहे आणि कोठे ओसीआय चालते, हे फी भरण्यापूर्वीच वाचून पाहावे.

परदेशी पासपोर्टाचा लाभही असतो, हे नाकारून चालणार नाही. २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत परक्या नागरिकाला विमान शिकण्यापूर्वी सुरक्षा-तपासणी करून घ्यावी लागते. अमेरिकन नागरिकाला नागरिकत्वाचा पुरावा दाखवला की पुरते. गोव्याचे उदाहरणही असेच आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी तेथे जन्मलेल्यांपैकी आणि त्यांच्या मुला-नातवंडांपैकी अनेकांनी पोर्तुगालचे नागरिकत्व घेतले. त्यामुळे युरोपीय संघात राहण्याचा आणि नोकरी करण्याचा हक्क मिळाला, भारताचे नागरिकत्व मात्र गेले. तिकडे शिकून आलेल्याला येथे चालणारा परवाना हवा असेल तर नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाच्या परीक्षा आणि कागदपत्रे पुरी करून तो बदलून घ्यावा लागतो.

पालकांनी विशेष लक्षात ठेवावी अशी एक गोष्ट वयाची आहे. काही मुले परदेशात जन्मतात, तेथल्या कायद्याने तेथले नागरिक होतात आणि आपल्या वकिलातीत रीतसर नोंद झाल्यामुळे भारताचेही नागरिक असतात. कायद्याने ही सूट अज्ञानपणापुरतीच दिली आहे. अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत दुसरे नागरिकत्व सोडले नाही, तर भारताचे जाते. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे किमान वयही अठराच आहे! म्हणजे मुलगा बारावीच्या आणि वैद्यकीय तपासणीच्या धावपळीत असतो, नेमक्या त्याच वेळी ही मुदत संपत असते. घरात कोणाला तिचे भान नसते.

बारावीतला एक विद्यार्थी माझ्याकडे गणिताच्या शंका घेऊन येत असे. जन्म अमेरिकेचा, पासपोर्ट तिकडचा, हाती ओसीआय कार्ड. त्याला वायुसेनेत जायचे होते. नियम वाचून दाखवले तेव्हा त्याची आजी म्हणाली, “मास्तर, आमच्या मांडीवर वाढलेला पोर आमचा नाही का?” मी म्हणालो, “आजी, तो तुमचाच आहे. पण सरकार दफ्तर पाहते, मांडी नाही.” अशांना परतीची वाटही आहे. ओसीआय नोंदणीला पाच वर्षे झाली आणि त्यात अर्जापूर्वी एक वर्ष भारतात वास्तव्य झाले, तर भारतीय नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. पहिले मात्र सोडावे लागते. वायुसेनेला वयाची मर्यादा असते, म्हणून या वर्षांचा हिशेब आधीच मांडला पाहिजे.

उरलेला अभ्यास सर्वांना सारखाच. परवान्यासाठी दोनशे तासांचे उड्डाण लागते. हवामानशास्त्र, हवाई नियम, विमानाचे तंत्र आणि दिशाज्ञान यांच्या परीक्षा असतात. दिशाज्ञानाची भीती निदान उज्जैनच्या मुलांनी धरू नये. आपल्या जुन्या ज्योतिषांनी रेखांशाचे शून्य याच नगरीत मानले आणि अरबी पंडितांनी तेच ‘अरीन’ या नावाने आपल्या ग्रंथांत नेले. गोंदिया, सागरजवळचे ढाना, रायबरेलीजवळचे फुरसतगंज ही शिक्षणाची नावे आपल्याला ठाऊक आहेत. दताण्याच्या हवाईपट्टीवर शिकाऊ विमाने आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहेत.

खर्च मात्र लाखो रुपयांच्या घरात जातो. त्यासाठी कोणी घर गहाण टाकतो, कोणी शेत विकतो. म्हणून क्रम असा ठेवावा: आधी नागरिकत्वाचे कागद, मग वैद्यकीय तपासणी, मग प्रवेशाचे नियम, आणि सर्वांत शेवटी पैसा. पुष्कळ घरांत हा क्रम उलटा होतो आणि पैसा भरल्यावर कागद शोधले जातात.

न्यासाला माझी एक विनंती आहे. शिक्षण समितीने वर्षातून एक दिवस केवळ अशा कागदांच्या तपासणीसाठी ठेवावा. एखादा वकील, एखादा निवृत्त अधिकारी आणि एक शिक्षक बसला की पुरे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे जन्मदाखले, पासपोर्ट आणि नोंदी त्या दिवशी पाहाव्यात. शिष्यवृत्तीइतकेच हे मोलाचे काम होईल, आणि त्याला खर्च जवळजवळ नाही. शिक्षक म्हणून मी स्वतः त्या दिवशी येऊन बसेन.

मुलांनी कोणत्या देशाचे नागरिक व्हावे हे ठरविणारा मी कोण? ते त्यांनी आणि त्यांच्या आईवडिलांनी ठरवावे. पण ते डोळे उघडे ठेवून आणि मुदतीच्या आत ठरवावे, एवढेच मागणे आहे.