घंगाळ परदेशी निघालं तर

आपलं केम हे कुंकवाचं गाव. माल बाहेरगावी पाठवणं आपल्याला नवं नाही. वजन करायचं, भाडं द्यायचं, पावती घ्यायची, की झालं. पण हल्ली पोरं परदेशी असतात आणि फोनवर सांगतात, "आई, माळ्यावरचं आजीचं तांब्याचं घंगाळ पाठव ना, इथं हॉलमध्ये ठेवायचंय." कुणाला लाकडी देव्हारा हवा असतो, कुणाला मोठी समई, कुणाला चक्क जातं. देशाची हद्द ओलांडली की हिशेब बदलतो. म्हणून खोका बांधण्याआधी तीन गोष्टी विचारायच्या. आज त्याच सांगते.

पहिली गोष्ट, वस्तू किती जुनी आहे? आपल्याकडे १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. मूर्ती, कोरीव काम, नाणी, कारागिरीच्या जुन्या वस्तू शंभर वर्षांच्या पुढच्या असतील, तर त्या आपल्या घरच्या असल्या तरी आपल्याला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. ऐतिहासिक महत्त्वाची हस्तलिखित पोथी असेल तर ही मर्यादा ७५ वर्षांची. मोडलं तर सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. लेकीनं स्वतःच्या बॅगेत नेली तरी नियम तोच. वस्तू तेवढी जुनी नसेल पण जुनी दिसत असेल, तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खात्याकडून "ही पुरावस्तू नाही" असा दाखला मिळतो. तो आधी घ्यावा. पणजीची समई कस्टममध्ये अडकली, तर ती परत मिळवताना नाकी नऊ येतात.

एकदा बाहेर गेलेली वस्तू परत आणणं किती महाग पडतं, ते आपण पाहिलंच आहे. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावात निघाली. आपल्या राज्य सरकारनं ती मध्यस्थामार्फत घेतली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत आली. खर्च ४७ लाख १५ हजार रुपये. त्यात नुसती तलवारीची किंमत नव्हती, वाहतूक आणि विमाही होता.

दुसरी गोष्ट, खोका केवढा? विमानानं कुरियर करताना नुसतं काट्यावरचं वजन धरत नाहीत. खोक्याची लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करतात आणि बहुतेक कंपन्या त्याला ५००० नं भागतात. समजा घंगाळ १२ किलोचं आहे आणि खोका ६० बाय ६० बाय ५० चा. गुणाकार आला १ लाख ८० हजार. भागिले ५०००, म्हणजे ३६. पैसे १२ किलोचे नाही, ३६ किलोचे! पोकळ वस्तूला हा फटका जास्त बसतो. म्हणून खोका बेताचा घ्या आणि घंगाळाच्या पोटात साड्या, गोधडी भरा. त्यांची नावं मात्र यादीत लिहा. टपालानं पाठवायचं तर बहुतेक देशांना २० किंवा ३० किलोची मर्यादा असते, ती आधी विचारा. जात्यासारखी जड वस्तू जहाजानं स्वस्त पडते, पण वेळ लागतो आणि बंदरावरचे हाताळणीचे पैसे वेगळे पडतात.

खोक्यात पेंढा, भुसा, वाळलेलं गवत घालू नका. त्यातून कीड जाते म्हणून कितीतरी देश ते अडवतात. लाकडी पेटी असेल तर तिच्या लाकडाला ठरावीक उष्णता देऊन, तसा शिक्का मारलेला लागतो. जात्याला माती आणि जुनं पीठ चिकटलेलं राहू देऊ नका. ऑस्ट्रेलियासारखा देश त्यावरूनही पार्सल रोखतो.

तिसरी गोष्ट, तिकडची जकात कोण भरणार? इथं भरलेलं भाडं हे भाडं. तिकडचं सरकार त्याचा कर वेगळा घेतं. "भेट" असं लिहिलं म्हणजे सगळं माफ होतं, असं नाही. ब्रिटनमध्ये ३९ पौंडांपर्यंतच्या भेटीला कर नाही, त्यापुढे लागतो. अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलला जकात नव्हती. ती सवलत २९ ऑगस्ट २०२५ पासून बंद झाली आणि त्या सुमारास आपल्या टपाल खात्यानंही तिकडची बहुतेक पार्सलं काही काळ थांबवली होती. नियम असे मध्येच बदलतात. म्हणून पाठवायच्या आठवड्यात लेकीनं तिकडे आणि आपण इथं, दोघींनी चौकशी करायची.

किंमत कमी लिहायला कुणी सुचवलं तर ऐकू नका. वस्तू फुटली किंवा हरवली, तर भरपाई लिहिलेल्या किमतीवरच मिळते. टपालाच्या सीमाशुल्क फॉर्मवर एक प्रश्न असतो: पार्सल पोचलं नाही तर परत पाठवायचं की सोडून द्यायचं? तिथं न वाचता खूण करू नका. परत आलं, तर परतीचं भाडं आपल्याकडे मागतात.

बचत गट म्हणून विक्रीसाठी पाठवायचं असेल तर आयात-निर्यात कोड काढावा लागतो. तो ऑनलाइन मिळतो, फी ५०० रुपये. कागदपत्रांच्या मदतीसाठी टपाल खात्याची डाकघर निर्यात केंद्रं आहेत.

आणि जाता जाता एक सावधगिरी. "तुमच्या नावानं परदेशातून भेट आलीय, कस्टममध्ये अडकलीय, या खात्यावर पैसे टाका," असा फोन आला तर एक रुपयाही टाकू नका. खरी जकात कुणा माणसाच्या खात्यात जात नाही. तिची सरकारी पावती असते. पैसे गेलेच, तर लगेच १९३० ला फोन लावा.

तर मैत्रिणींनो, वस्तूचं वय, खोक्याचं माप आणि तिकडची जकात. तिन्हींचा खर्च एका कागदावर मांडा आणि तो लेकीला वाचून दाखवा. कधी ती म्हणेल, "पाठव." कधी म्हणेल, "राहू दे आई, मीच येऊन बघीन." दोन्हीत नुकसान नाही.